मुका मार : कोपराला लागलं ते कागदावर किती उतरतं?

निळी_शाई, पुणे (शनिवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी आई गॅलरीतली लादी पुसताना घसरली आणि डावं कोपर दणकन फरशीवर आपटलं. वय ६८. संध्याकाळपर्यंत कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढं काळंनिळं झालं. जवळच्या हॉस्पिटलात नेलं, एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "काही नाही, मुका मार आहे." गोळ्या दिल्या, घरी आलो.

आता कागदांची गोष्ट. केसपेपरवर लिहिलंय 'उजवं कोपर, कंट्यूजन (म्हणजे मुका मार), एक्स-रे नॉर्मल'. एक्स-रेच्या पाकिटावर 'डावं'. बिलावर नुसतं 'हात दुखणे'. आमच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च मिळतो म्हणून कागद पाठवले, तर परत आले. नक्की कुठला हात आणि काय झालंय, असं विचारलंय. दुरुस्तीसाठी हॉस्पिटलात गेले तेव्हा काउंटरवर ऐकून घेतलं, "मॅडम, एवढ्याशा मुक्या माराला कोण एवढं बघतं!"

मी नऊ वर्षं मेडिकल कोडिंगमध्ये आहे, खराडीत बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांचे चार्ट कोड करते, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचून त्याला ठरलेला आकडा देते. कोपराच्या मुक्या माराचा कोड झोपेतही सांगेन. त्याच आठवड्यात डावं-उजवं लिहिलं नाही म्हणून दोन चार्ट मी डॉक्टरांकडे परत पाठवले होते, आणि माझ्याच आईच्या कागदावर हात बदललेला.

म्हणून विचारते. कोपराला मार लागला तर डॉक्टरांनी किमान काय तपासायला हवं, त्यातलं काय लिहायला हवं, आणि तो कोड नावाचा आकडा आपल्या काय कामाचा? डॉक्टर, कोडर, पेशंट, सगळ्यांनी लिहा. हा मार मुका असतो, रक्त येत नाही, टाका पडत नाही. त्याच्या वतीने बोलायला कागदच असतो.

नाशिकची_नलू (रात्री १०.०५)

आईंना आधी आराम पडू दे. आंबेहळद उगाळून, थोडा रक्त्याबोळ घालून कोमट लेप लावा. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालतं.

अस्थिबंधू (रात्री १०.४०)

मी हाडांचा डॉक्टर आहे. निळी_शाई, बाकी सगळं नंतर. आधी एक सांगा, आईंचं कोपर पूर्ण सरळ होतं का? दोन्ही हात समोर घेऊन, तळवे वर करून, कोपरं ताणायला सांगा आणि दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघा. मग कोपर अंगाला चिकटवून तळहात वर-खाली फिरवायला सांगा, वाटीतलं पाणी ओततो तसा.

निळी_शाई (रात्री ११.१०)

आत्ताच बघितलं. उजवं सरळ होतं. डावं साधारण वीस अंश आधीच अडतं, जोर दिला तर कळ येते. तळहात वर करताना बाहेरच्या बाजूला दुखतं. पोळ्या लाटता येत नाहीत असं ती चार दिवसांपासून सांगत होती. मला वाटलं, मुका मार आहे, दुखणारच.

अस्थिबंधू (रात्री ११.३५)

मग सोमवारी परत दाखवा, जमलं तर उद्याच. हात झोळीत ठेवा. चोळू नका, ओढून सरळ करायला जाऊ नका.

असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचंही उत्तर होईल.

'मुका मार' हे निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं. बाकीचं काही नाही असं बघून झालं की जे उरतं ते. कोपर पूर्ण सरळ होत असेल तर आत हाड मोडलेलं असण्याची शक्यता बरीच कमी होते, शून्य होत नाही. सरळ होत नसेल तर फिल्म नॉर्मल दिसली तरी मी माणसाला 'जा घरी' म्हणत नाही. मोठ्या माणसांत हातावर किंवा कोपरावर पडल्यावर रेडियसच्या डोक्याला, म्हणजे बाहेरच्या बाजूला तळहाताबरोबर फिरतं ते हाड, त्याला बारीक चीर जाते. पहिल्या दिवशी ती चीर फिल्मवर नेहमी दिसतेच असं नाही. पण सांध्यात रक्त साचलं असेल तर चरबीच्या गादीची सावली वर उचलली जाते. कोपर काटकोनात ठेवून बाजूने काढलेल्या फिल्मवर मागची सावली एरवी दिसत नाही. ती दिसली, तर चीर दिसो न दिसो, आहे असं धरून चालायचं. लहान मुलांत हीच सावली बहुतेक वेळा दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचं, कोपराच्या लगेच वरचं फ्रॅक्चर सुचवते.

हाताने बघायचं ते असं. कोपराचं मागचं टोक आणि दोन्ही बाजूंचे उंचवटे, हे तीन बिंदू. कोपर वाकवल्यावर त्यांचा त्रिकोण व्हायला हवा, सरळ केल्यावर एक रेघ. त्रिकोण बिघडला तर सांधा निखळल्याची शंका. रेडियसच्या डोक्यावर बोट ठेवून तळहात फिरवायचा, तिथेच नेमकं दुखतंय का बघायचं. मनगटाची नाडी. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचा अर्धा भाग बधिर आहे का, कारण कोपराच्या आतल्या बाजूने जी नस जाते ती अगदी त्वचेखाली असते. टेबलाची कड लागल्यावर करंगळीपर्यंत वीज जाते ती हीच. अंगठा-तर्जनीचा गोल करता येतो का. खांदा आणि मनगटही बघायचं, वरचा आणि खालचा सांधा सोडायचा नाही. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे विचारायचंच.

हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे. आईंना आराम पडो.

कोडवाला_ऐरोली (रविवार, सकाळी ८.१५)

निळी_शाईताई, मीही याच धंद्यातला. इतर वाचकांसाठी कोड फोडून सांगतो, कारण या छोट्याशा दुखापतीत शिकण्यासारखं बरंच आहे.

अमेरिकेत आजार-दुखापतींच्या कोडची जी यादी वापरतात, त्या आयसीडी-१०-सीएममध्ये कोपराचा मुका मार म्हणजे एस५०.०. उजवं असेल तर एस५०.०१, डावं एस५०.०२, बाजू लिहिलेलीच नसेल तर एस५०.००. पण कोड इथे पुरा होत नाही, सातवं अक्षर लागतं. सहाव्या जागी काही नाही म्हणून तिथे एक्स बसवायचा. डाव्या कोपरासाठी एस५०.०२एक्सए. शेवटचा ए म्हणजे उपचार सुरू आहेत, डी म्हणजे भरून येण्याच्या काळातली तपासणी, एस म्हणजे त्या दुखापतीतून मागे राहिलेला त्रास. नवे कोडर ए म्हणजे 'पहिली भेट' समजतात. तसं नाही. दुसऱ्या भेटीतही उपचारच चालू असतील तर ए-च.

१ ऑक्टोबर २०१५ च्या आधी तिथे आयसीडी-९ होतं. त्यात कोपराचा मुका मार म्हणजे ९२३.११, डावं-उजवं काही नाही. तेव्हा तुमच्या आईंच्या केसपेपरातली चूक कोडमध्ये दिसलीच नसती.

आणखी एक. कोपराला खरचटलं असेल तर वेगळा कोड, जखम उघडी असेल तर एस५१.०. आणि मार न लागताच काळंनिळं झालं असेल तर एस५० चालतच नाही, तो आर२३.३. म्हणून 'कशाने झालं' हे एक वाक्य नसेल तर कोडर अडकतो.

गच्चीवरचा_पाहुणा (सकाळी ८.४०)

बापरे. कसं पडलो याचाही कोड असतो म्हणतात, खरं का? बदकाने मारलं तर कोड आहे असं ऐकलंय.

कोडवाला_ऐरोली (सकाळी ९.००)

खरं आहे, डब्ल्यू६१.६२ बदकाचा. बदक चावलं तर डब्ल्यू६१.६१. चावणं आणि धडकणं वेगळं.

पण हसण्यापलीकडे त्यात अर्थ आहे. आईंच्या बाबतीत बघा. सपाट जागी घसरून पडल्या म्हणजे डब्ल्यू०१.०एक्सएक्सए. पडताना काय करत होत्या त्याचा वेगळा कोड असतो, आणि लादी पुसण्याचा आहे, वाय९३.ई५. अशा हजारो नोंदी जमल्या की ओली लादी किती जणांची कोपरं फोडते ते कळतं. तिथे हे कोड सगळीकडे सक्तीचे नाहीत, तरी मी नोटमध्ये दिसलं की लावतो.

गच्चीवरचा_पाहुणा (सकाळी ९.१०)

लादी पुसण्याचा कोड! आमच्या हिला सांगतो. या कामाची सरकारदरबारी नोंद आहे हे ऐकून तिला बरं वाटेल.

एडिसनकर (सकाळी ९.३०)

न्यू जर्सीहून. माझ्या मुलाचं कोपर बास्केटबॉल खेळताना आपटलं, अर्जंट केअरला गेलो. निदान मुका मारच. महिन्याभराने बिल आलं ते दोन फिल्मऐवजी तीन फिल्मचं. कोपराच्या एक्स-रेला तिथे बिलाचा वेगळा कोड असतो, दोन बाजूंनी काढला तर ७३०७०, किमान तीन बाजूंनी काढला तर ७३०८०. डॉक्टरांच्या नोटमध्ये नुसतं 'एल्बो एक्स-रे' होतं. मी रेडिओलॉजीचा रिपोर्ट मागवला, त्यात दोनच बाजू लिहिल्या होत्या. तो दाखवल्यावर बिल बदलून आलं. एका शब्दाने पैशात फरक पडतो हे तेव्हा कळलं.

माणदेशी (सकाळी ११.२०)

मी सांगोल्याकडचा. अस्थिबंधूंनी चोळू नका म्हटलं त्यावर लिहावंसं वाटलं.

माझ्या चुलतभावाचा पोरगा सात वर्षांचा असताना बैलगाडीच्या साटीवरून पडला. कोपर सुजलं. घरातल्या मोठ्यांनी मुका मार म्हणून शेजारच्या गावात हाडवैद्याकडे नेलं. त्यानं तेल लावून चोळलं, बांबूच्या कामट्या लावून गच्च बांधलं. पोरगं रात्रभर रडलं, बोटं सुजली, गार पडली. "बांधलंय म्हणून दुखतंय" म्हणून कुणी सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी पंढरपूरला नेलं तेव्हा उशीर झाला होता. आज तो बावीसचा आहे, डाव्या हाताची बोटं आखडलेलीच आहेत. म्हशीची धार एका हातानं काढतो.

त्यावेळी कुठं काही लिहिलेलं नव्हतं. पंढरपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, कधी बांधलं, बोटं कधी काळी पडली, तर आम्ही सहा जण सहा वेळा सांगत होतो.

अस्थिबंधू (सकाळी ११.५५)

माणदेशी, वाचून वाईट वाटलं. ज्याने बोटं आखडली त्याला व्होल्कमनचं आखडणं म्हणतात, रिचर्ड फॉन व्होल्कमन या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये त्याचं वर्णन केलं. गच्च बांधल्याने किंवा आतल्या सुजेने स्नायूंचं रक्त तुटतं. पट्टी, प्लास्टर, कामट्या, काहीही बांधलं असो, बोटं सरळ करताना असह्य कळ आली किंवा बोटं गार पडली तर बांधलेलं तिथल्या तिथे सोडायचं आणि दवाखाना गाठायचा. सकाळची वाट बघायची नाही.

चोळण्याचा धोका वेगळा. कोपराभोवतीच्या स्नायूत साकळलेलं रक्त चोळलं, किंवा सांधा जबरदस्तीने ताणला, की पुढे तिथे हाड तयार होऊ शकतं आणि कोपर कायमचं जखडतं. सगळ्या सांध्यांत कोपर याबाबतीत फार हट्टी आहे.

कोल्हापुरी_चप्पल (दुपारी १२.१०)

सगळे हाडवैद्य वाईट नसतात बरं का. आमच्या आज्जीचा निखळलेला खांदा एकानं बसवला हुता, डोळ्यांनी बघितलंय.

माणदेशी (दुपारी १२.२५)

भाऊ, माणूस वाईट नव्हताच तो. पैसे पण घेतले नाहीत. एक्स-रे न काढता बांधलं, एवढंच झालं.

शवागारातला_दिवा (दुपारी २.००)

मी न्यायवैद्यक शिकवतो. कोपराच्या काळ्यानिळ्या डागाबद्दल आमच्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली, हाड मोडलं की नाही यावर कायद्याचं कलम बदलतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ११४ मध्ये 'दुखापत', ११६ मध्ये 'गंभीर दुखापत'. हाड मोडणं किंवा सांधा निखळणं गंभीरमध्ये येतं, नुसता मुका मार एरवी साध्यात. जुन्या दंड संहितेत २० दिवस तीव्र वेदना किंवा रोजचं कामकाज बंद असेल तर ती गंभीर धरत, आता ते १५ दिवस आहेत. मारहाणीच्या केसमध्ये 'मुका मार' असं घाईने लिहून टाकलं आणि दहा दिवसांनी चीर दिसली, तर कोर्टात त्या पहिल्या कागदावरून डॉक्टरला तासभर उभं करतात.

दुसरी, डागाचा रंग. पुस्तकात पाठ करतो आपण. आधी लाल, मग निळा, मग हिरवट, मग पिवळा, दोन आठवड्यांत गायब. प्रत्यक्षात वय, त्वचेचा वर्ण, खोली, गोळ्या, सगळ्याने तो क्रम हलतो. त्यामुळे 'तीन दिवसांपूर्वीचा' असं रंगावरून छातीठोकपणे लिहू नये. जे दिसतं ते लिहावं. कुठे, कुठल्या हाडापासून किती सेंटीमीटरवर, लांबी-रुंदी, आकार, रंग, सूज, दाबल्यावर दुखतं का. शेजारी पट्टी ठेवून फोटो. आणि 'पेशंटच्या सांगण्यानुसार' हे शब्द गाळू नयेत. पेशंट म्हणाला पडलो आणि डाग चार बोटांच्या ठशांचा असेल, तर दोन्ही नोंदी शेजारी शेजारी असायला हव्यात.

चालायला लागलेल्या मुलाच्या कोपरावर, गुडघ्यावर डाग असतातच. अजून रांगतही नाही अशा बाळाच्या अंगावर मात्र डाग दिसला तर थांबून विचार करायचा.

पीएचसीतली_कंदील (सायंकाळी ६.३०)

मी सगळं वाचलं आणि थोडं मन दुखलं, म्हणून लिहितेय. मी मेळघाटातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. बाजाराच्या दिवशी सकाळी शंभरावर पेशंट असतात. एक्स-रे मशीन नाही. कोपराला लागलेला माणूस येतो तेव्हा मागे ताप आलेली चार बाळं रांगेत असतात. डाग सेंटीमीटरमध्ये मोजा, तीन बिंदू बघा, दोन सांधे बघा, मग ते लिहा, कोण लिहिणार? लिहिण्यात तीन मिनिटं गेली तर शेवटचा पेशंट न बघता परत जातो. कोडिंगच्या एसीत बसून हे दिसत नाही.

निळी_शाई (सायंकाळी ७.१५)

डॉक्टर, तुम्ही बोललात हे फार बरं झालं. तुमच्या रांगेसमोर मी काय बोलणार. माझी तक्रार तुमच्यासारख्यांवर नाहीच.

एक सुचवू का? कोडर म्हणून रोज दीडशे नोटा वाचते, त्यावरून सांगते. लांब नोट म्हणजे चांगली नोट नव्हे. पानभर छापील मजकूर आणि त्यात कोपराची बाजू गायब, असे चार्ट मी ढिगाने बघितलेत. मला लागतं ते असं असतं :

'डावं कोपर, काल लादीवर घसरून. बाहेरून काळंनिळं, सूज. पूर्ण सरळ होत नाही. नाडी, बोटं ठीक. रक्त पातळ करणारी गोळी नाही. झोळी, एक्स-रेसाठी पाठवलं.'

तुमच्या पेनाने वीस सेकंद. यात बाजू आहे, कारण आहे, धोक्याच्या खुणा आहेत आणि पुढे काय केलं तेही.

पीएचसीतली_कंदील (रात्री ८.०५)

हे जमेल. 'पूर्ण सरळ होत नाही' हे मी बघते पण लिहीत नाही, हे खरंय. उद्यापासून लिहीन. आमच्या सिस्टरलाही सांगते, नाव लिहून घेताना 'डावा की उजवा' तीच विचारेल.

कोडवाला_ऐरोली (रात्री ८.२०)

सिस्टरने लिहिलेलं चालतं! अमेरिकन नियमांत ऑक्टोबर २०२१ पासून तसं आलंय. डॉक्टरने बाजू लिहिली नसेल तर नर्सच्या नोंदीवरून बाजू घेता येते. पण दोघांचं जुळत नसेल तर कोडरने आपल्या मनाने ठरवायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं. निळी_शाईताईंच्या आईंच्या कागदाची केस अगदी हीच.

आणि विचारतानाही 'डावं आहे ना?' असं विचारायचं नाही. 'नोंदींत फरक दिसतो, कृपया बाजू स्पष्ट करा' एवढंच. उत्तर तोंडात घालायचं नाही.

काळा_कोट (रात्री ९.००)

कागद मिळवण्याबद्दल. डॉक्टरांसाठी २००२ चे जे आचारसंहितेचे नियम आहेत, त्यात पेशंटने वैद्यकीय नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असं आहे. मागणी तोंडी नको, लेखी अर्ज, पोच घ्या. आणि दुरुस्ती हवी असेल तर नवा केसपेपर बनवून मागू नका, ते दोघांच्याही अंगाशी येतं. जुन्या शब्दावर एक आडवी रेघ, तो वाचता येईल अशी, शेजारी बरोबर शब्द, सही, तारीख, वेळ. व्हाइटनर लावलेला कागद कोर्टात बघितला की मी आधी तोच हातात घेतो.

शब्दांची_पिशवी (रात्री ९.३०)

विषयांतर करते, माफ करा. 'मुका मार' हा शब्द किती नेमका आहे! वळ, खरचटणं, मुरगळणं, लचकणं, ठेच, सगळ्यांना वेगळी नावं. आणि कोपरावर तर भाषेचा विशेष जीव. कोपराला गूळ लावतात, कारण तिथे जीभ पोचत नाही. कोपरखळी मारतात. नको असलेल्याला कोपरापासून नमस्कार करतात.

गच्चीवरचा_पाहुणा (रात्री ९.४०)

कोपरखळीचा कोड आहे का हो?

कोडवाला_ऐरोली (रात्री ९.५५)

दुसऱ्या माणसाचा धक्का चुकून लागला तर आहे, डब्ल्यू५१. मुद्दाम मारली तर मारहाणीच्या वाय कोडमध्ये जाते. म्हणजे मारणाऱ्याचा हेतूही नोटमध्ये लागतो.

निळी_शाई (मंगळवार, रात्री १०.२०)

अपडेट देते.

सोमवारी आईला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अस्थिबंधूंनी सांगितलं तसंच, बोट ठेवून तळहात फिरवून बघितला. आई ओरडली. नवीन फिल्म काढली, तिरकीही काढली. रेडियसच्या डोक्याला बारीक चीर आहे, हाड जागेवरून हललेलं नाही. जुनी फिल्म शेजारी लावून त्यांनी मला ती मागची सावली दाखवली. आठ दिवसांपूर्वीच्या फिल्ममध्ये होती ती. मी रोज 'फॅट पॅड', म्हणजे ती चरबीची गादी, हे शब्द रिपोर्टमध्ये वाचते, स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्यांदा बघितले.

प्लास्टर नाही. दुखणं कमी होईपर्यंत झोळी, आणि लगेच हळूहळू हालचाल. जास्त दिवस बांधून ठेवलं तर कोपर जखडेल म्हणाले.

गाडीत आई म्हणाली, "म्हणजे मी नाटक करत नव्हते ना?" तेव्हापासून मला चैन नाही. तिला चार दिवस मीच 'मुका मार आहे, दुखणारच' म्हणत होते.

अस्थिबंधू (रात्री १०.४५)

वेळेत गेलात. अशी चीर बहुतेकांची चांगली भरते. व्यायाम मात्र चुकवू नका. आईंना माझा नमस्कार सांगा.

लेखापाल_लातूर (रात्री ११.००)

एक शंका. आता आधीचा कोड चुकीचा ठरला का? बदलायचा?

निळी_शाई (रात्री ११.३०)

चांगला प्रश्न. नाही. त्या दिवशीच्या भेटीचा कोड त्या दिवशी जे निदान लिहिलं गेलं त्यावरच. डॉक्टरांनी ती नोंद स्वतः सुधारली तर गोष्ट वेगळी, पण आज कळलेलं कालच्या भेटीवर मी चिकटवू शकत नाही. सोमवारच्या भेटीचा कोड एस५२.१२५ए, डाव्या रेडियसच्या डोक्याचं जागेवरचं बंद फ्रॅक्चर. आणि आता मुक्या माराचा कोड त्याच्या जोडीला लावायचाच नाही. त्याच जागी मोठी दुखापत असेल तर वरवरची दुखापत वेगळी मोजत नाहीत.

हेही सांगते. बाह्यरुग्ण भेटीत 'फ्रॅक्चरची शंका' लिहिलं तर फ्रॅक्चरचा कोड लावता येत नाही, जेवढं नक्की तेवढंच. म्हणून कित्येक डॉक्टर शंका लिहीतच नाहीत. माझ्या मते ती लिहावीच. कोडरला तिचा उपयोग नसला तरी पुढच्या डॉक्टरला असतो. आईच्या पहिल्या कागदावर 'चिरेची शंका, आठवड्याने परत दाखवा' एवढं असतं तर मी थांबले नसते.

खडूस_ऑडिटर (बुधवार, सकाळी ७.४५)

एस५२ लावण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. ६८ वर्षांची बाई, उभ्या उंचीवरून पडली, हाडाला चीर. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान आधीपासून असेल, आणि ज्या पडण्याने धडधाकट हाड एरवी मोडत नाही अशा पडण्याने मोडलं असेल, तर कोड एस५२ नाही, एम८० च्या गटात जातो. कोडरने ते गृहीत धरायचं नाही, पण नोटमध्ये आहे का ते शोधायचं. पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्या उत्तरावर आईंचा पुढचा उपचार ठरतो. हाडांची घनता तपासली आहे का?

निळी_शाई (सकाळी ८.३०)

नाही तपासली. कोणी म्हणालंच नाही, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. ऑफिसात दुसऱ्यांच्या चार्टवर मी हाच शेरा मारते. आजच वेळ घेते. मनापासून आभार.

निळी_शाई (तीन आठवड्यांनी, रविवार)

धागा वर काढतेय. घनतेचा रिपोर्ट आला, हाडं ठिसूळ आहेत. औषध सुरू झालं. डॉक्टरांनी आता कागदावर तसं लिहिलंय, म्हणजे खडूस_ऑडिटर यांचं म्हणणं बरोबर निघालं.

पहिल्या हॉस्पिटलने केसपेपर दुरुस्त करून दिला. 'उजवं'वर एक रेघ, शेजारी 'डावं', सही, तारीख, वेळ. काळा_कोट यांनी सांगितलं तसा लेखी अर्ज दिला होता. पॉलिसीचे पैसेही जमा झाले.

आईचं कोपर जवळजवळ सरळ होतं, दहा अंश बाकी. काल तिने दोन पोळ्या लाटल्या. गॅलरीत मोठा पायपुसणा टाकलाय आणि लादी आता मी पुसते.

नाशिकची_नलू (रविवार, दुपारी)

वाचून डोळे भरून आले. पण मग माझ्या आंबेहळदीचं काय ते शेवटपर्यंत कुणी सांगितलंच नाही! लावू की नको?

अस्थिबंधू (रविवार, सायंकाळी)

लावा की, नलूताई. कातडी कुठे फाटलेली नसेल तर लावा, न चोळता. पहिले दोन दिवस कोमट नको, बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं धरा, शेक नंतर. आणि लेप लावण्याआधी कोपर सरळ होतंय का तेवढं बघा.